लहान दुकान, लहान दावा आणि मोठा खर्च

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. म्हण चांगली आहे, पण अर्धीच आहे. आपण पायरी चढलो नाही तरी दुसऱ्याने खेचून नेले तर काय करावे, आणि आपल्या घामाचे पैसे कोणी अडकवून ठेवले तर ते पायरी न चढता कसे मिळवावे, हे ती म्हण सांगत नाही. मोठ्या पेढीवाल्याजवळ वकील असतो, कारकून असतो, वाट पाहण्याची ताकद असते. सुताराजवळ, शिंप्याजवळ, कोपऱ्यावरच्या माकोलेतवाल्याजवळ यातले काही नसते. तो कोर्टात गेला की दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे चूल बंद.

आम्ही वकील नव्हे. आमचे आयुष्य रुग्णसेवेत गेले. परंतु ज्याची उद्या कोर्टात तारीख आहे अशा रोग्याचा रक्तदाब रात्री कसा चढतो, हे आम्ही वॉर्डात पुष्कळ वेळा पाहिले आहे. त्यातूनच या विषयाची गोडी लागली आणि सवडीने वाचन झाले. लहान माणसाला स्वस्तात न्याय मिळावा म्हणून आपल्या जुन्या मुलखात आणि येथे इस्रायलमध्ये कोणकोणते उपाय झाले, त्यांचे पुढे काय झाले, आणि त्यातून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

जमातीचा न्याय

कोकणात आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले जात, हे सर्वांस ठाऊक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली तो शनवार तेली. त्यांचा व्यवहार गावापुरता असे. शेतकऱ्याने तीळ, खोबरे आणून द्यावे, तेल न्यावे, आणि उधारी राहिलीच तर सुगीवर फेडावी. तंटा झाला तर गावचा तंटा पंचांपुढे जाई आणि जमातीतला तंटा मुकादम, चौगुला आणि काझी यांच्यापुढे. तेथे स्टँप लागत नसे, वकील नसे आणि तारीख पडली तर ती दुसऱ्या दिवसाची. दोन्ही पक्षांना उद्या एकाच पंगतीला बसायचे आहे हे सर्वांना माहीत असल्यामुळे निकाल बहुधा तडजोडीचा होई.

त्या व्यवस्थेला सोन्याचे दिवस म्हणावे असे मात्र आम्हांस वाटत नाही. पंच ओळखीचे, म्हणजे समोरच्याच्याही ओळखीचे. ज्याचे घर मोठे त्याच्या शब्दाला वजन. लेखी काही नसल्याने निकाल आवडला नाही तर पुढे जाण्यास वाट नाही. म्हणून सरकारी कोर्टे आली तेव्हा गरिबांनाही त्यांची आशा वाटली असेल, यात नवल नाही. अडचण पुढे आली ती खर्चाची.

स्टँपाचा इतिहास

कोर्टात दाद मागण्यासाठी पैसे भरावे लागणे हे आपल्याला आज स्वाभाविक वाटते. हिंदुस्थानात ही पद्धत कंपनी सरकारने पक्की केली. बंगालमध्ये १७९५ साली दाव्यांवर फी बसविली गेली, आणि कारण असे सांगितले गेले की लोक उगाच कज्जे करतात, त्यांना आळा बसावा. १८३० च्या दशकात मेकॉले हिंदुस्थानात कायद्याचा सभासद म्हणून आला, तेव्हा त्याने या कारणावर कडाडून टीका केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, फीमुळे खोटा दावा अडत नाही, फक्त गरिबाचा दावा अडतो, मग तो खरा असो वा खोटा. खोट्या दाव्यावर उपाय म्हणजे चांगला न्याय.

मेकॉले गेला आणि फी राहिली. १८७० च्या कोर्ट फी कायद्यात लहान दाव्याला दर पाच रुपयांस सहा आणे, म्हणजे शेकडा साडेसात रुपये फी होती. रक्कम वाढत गेली की हा दर उतरत जाई, आणि कितीही मोठा दावा असला तरी ३,००० रुपयांहून अधिक फी लागत नसे. शंभर रुपयांसाठी भांडणाऱ्यास दर जास्त आणि लाखांसाठी भांडणाऱ्यास कमी, असा हा हिशेब होता.

या काळात दख्खनच्या शेतकऱ्यावर काय गुदरले ते शाळेत आपण शिकलो आहोत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली, आणि युद्ध संपताच भाव कोसळला. कर्ज मात्र राहिले. येथे एक कायद्याची गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दावा तीन वर्षांच्या आत लावणे भाग पडले. हेतू असा की कुळावर जुन्या कर्जाची टांगती तलवार राहू नये. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावी, व्याज मुद्दलात मिळवी आणि नवे खत लिहून घेई. कुळाने नाही म्हटले तर दावा. दाव्यासाठी तालुक्याला जायचे तर बैलगाडीने दोन दिवस, शेत उघडे, वकिलाचे पैसे वेगळे. त्यामुळे कुळे कोर्टात येतच नसत, आणि सावकारांना एकतर्फी हुकूमनामे मिळत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी उद्रेक झाला. लोकांनी हात घातला तो सावकारांच्या दप्तराला. खते आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळले. म्हणजे त्यांचा राग कशावर होता हे उघड आहे.

त्यानंतर १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. खतावर लिहिलेला आकडा कोर्टाने डोळे मिटून मान्य करू नये, कर्जाचा पहिल्यापासूनचा इतिहास पाहावा, असे त्यात सांगितले. गावोगाव मुन्सफ आणि समेट घडविणारे नेमले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील न्यायाधीश म्हणून कित्येक वर्षे गावोगावच्या कोर्टांची तपासणी केली. त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने लवाद कोर्टही निघाले होते. दोघांनी राजीखुशीने पंच मान्य करावे आणि स्टँपाचा व वकिलाचा खर्च वाचवावा, ही त्यामागील कल्पना. एका अर्थी जमातीच्या बैठकीला लेखी रूप देण्याचाच तो प्रयत्न होता. परंतु सावकारही शहाणे होते. कर्जाच्या खताकडे कोर्ट संशयाने पाहते असे दिसताच गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची चाल वाढली. एक दार बंद केले की खर्च दुसऱ्या दाराने आत येतो. हा अनुभव या इतिहासात पुनःपुन्हा येतो.

मुंबईचे स्मॉल कॉज कोर्ट

मुंबई शहराची गोष्ट निराळी. येथे शेतकरी नव्हते, दुकानदार आणि कारागीर होते. १८५० च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांत स्मॉल कॉज कोर्टांची व्यवस्था झाली. ५०० रुपयांपर्यंतचा दावा तेथे लावता येई. १८८२ च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स ॲक्टने ही मर्यादा २,००० रुपये केली. मुफसलसाठी १८८७ साली निराळा कायदा झाला. कल्पना फार चांगली होती: पुराव्याचा पसारा कमी, अपिलांची साखळी नाही, निकाल झटपट. धोबी तलावाजवळील त्या कोर्टाची दगडी इमारत आपल्यापैकी ज्यांचे बालपण मुंबईत गेले त्यांनी येताजाता पाहिली असेल.

फीचा आकडा मात्र पाहण्यासारखा आहे. १८८२ च्या कायद्यात ५०० रुपयांपर्यंतच्या दाव्यास रुपयामागे दोन आणे फी ठेवली होती, म्हणजे शेकडा साडेबारा रुपये. कोणा सुताराचे १०० रुपये गिऱ्हाइकाकडे अडकले तर कोर्टाच्या दारातच साडेबारा रुपये ठेवावे लागत. वर समन्स बजावणीचा खर्च, वकील केला तर त्याची फी, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली रोजी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. तरीही त्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते. सुनावणीपूर्वी दोन्ही पक्षांनी तडजोड केली तर अर्धी फी परत मिळे. भांडण लवकर मिटवणाऱ्यास सरकारने दिलेले ते बक्षीसच म्हणायचे.

पुढे या कोर्टाची रकमेची मर्यादा १० हजार रुपयांपर्यंत वाढली, पण महागाई त्याहून किती पुढे गेली! एका दुकानातल्या कपाटाची किंमत त्या मर्यादेबाहेर गेली. लहान दाव्यांसाठी काढलेल्या कोर्टात लहान दावेच बसेनासे झाले आणि ते मोठ्या, सावकाश चालणाऱ्या कोर्टांत जाऊ लागले. मापाची पट्टी वेळोवेळी बदलली नाही तर चांगला कायदाही निरुपयोगी होतो.

भाडे, पागडी आणि अलिया

आता स्मॉल कॉज कोर्टाचे मुख्य काम राहिले ते घरमालक आणि भाडेकरू यांच्या दाव्यांचे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांचा संबंध या भागाशी आहे, म्हणून येथे जरा थांबतो.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली. १९४७ साली बॉम्बे रेंट ॲक्ट झाला आणि १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे धरले गेले. घरालाही हे संरक्षण आणि दुकानालाही. लहान दुकानदाराला हे वरदान वाटले आणि पहिली काही वर्षे ते होतेही. पण भाडे थिजले तसा मालकाचा इमारतीतील रस संपला. दुरुस्ती थांबली. जागा हातात आली तर किंमत सोन्याची, म्हणून खाली करून घेण्याचे दावे सुरू झाले. दुसरीकडे, जागा सोडणाऱ्याने नव्याकडून पागडी घ्यावी, मालकाने त्यात वाटा घ्यावा, आणि हे सर्व कायद्याला मान्य नसल्याने पावतीशिवाय, अशी चाल पडली.

कायद्यात मालकाला जागा परत मागण्याची कारणे मोजकी दिली होती. पण ती कारणे पाहिली म्हणजे परदेशी जाणाऱ्या कुटुंबावर ती कशी येऊन पडतात हे लक्षात येते. एक कारण, भाड्याची थकबाकी. दुसरे, मालकाच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे. तिसरे, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी न वापरणे. आता विचार करा. एखाद्या कुटुंबाने दुकानाचे शटर ओढले, किल्ली मेहुण्याजवळ दिली आणि बोटीत किंवा विमानात बसून इस्रायलला प्रयाण केले. शटर बंद राहिले तर तिसरे कारण लागू. मेहुण्याने ते उघडून आपला धंदा लावला तर दुसरे कारण लागू होण्याची भीती. भाड्याची मनिऑर्डर पोचली नाही किंवा मालकाने घेतली नाही तर पहिले. तिन्ही बाजूंनी फास.

वारशाचेही तसेच. भाड्याचा हक्क म्हणजे मालकीची मिळकत नव्हे. दुकानाच्या बाबतीत भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी पाहिला जातो. मृत्युपत्रात लिहून ठेवले म्हणून भाड्याची जागा कोणालाही मिळत नाही, असा निर्णय भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ साली दिला. म्हणून वडिलांनी मृत्युपत्रात अमुक खोली वा अमुक दुकान तुला दिले असे लिहिले असले, तरी ती जागा भाड्याची होती की मालकीची हे आधी पाहावे आणि मगच वकिलाच्या दारी जावे. नाहीतर येथून विमानाचे तिकीट, तेथे राहण्याचा खर्च, मुखत्यारपत्राची यातायात आणि शेवटी हाती शून्य.

स्मॉल कॉज कोर्ट झटपट निकालाचे असले तरी भाड्याचे दावे तेथे झटपट संपत नाहीत. निकालावर त्याच कोर्टाच्या अपील बेंचकडे अपील, मग हायकोर्ट, प्रसंगी सुप्रीम कोर्ट. आजोबांनी सुरू केलेल्या दाव्याची तारीख नातवाने सांभाळली अशी उदाहरणे मुंबईकरांना नवी नाहीत. या विलंबाचा फायदा बहुतेकदा जागेत बसलेल्या भाडेकरूला होई, कारण भाडे जुनेच राही. म्हणून कित्येक दुकानदारांनी अपील हेच आपले छत्र मानले. पण ते छत्रही पुढे महाग झाले. दिल्लीच्या एका धंद्याच्या जागेचे मासिक भाडे ३७१ रुपये ९० पैसे होते. भाडेकरूविरुद्ध जागा सोडण्याचा हुकूम झाला, त्याने अपील केले, आणि अपील चालेपर्यंत जागेत राहावयाचे तर दरमहा १५,००० रुपये भरावे अशी अट घातली गेली. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या खटल्यात डिसेंबर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती अट योग्य ठरविली. एकदा जागा सोडण्याचा हुकूम झाला की जुन्या भाड्याचा आसरा संपतो आणि बाजारभाव सुरू होतो, असा त्याचा अर्थ. कायदा म्हणून यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. मालकही माणूसच आहे आणि त्यालाही पोट आहे. पण लहान दुकानदाराने अपील करण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतील थिजलेली भाडी काळानुरूप राहिली नाहीत असे स्पष्ट सांगितले. त्यातून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला ४ टक्के वाढ मान्य झाली आणि पागडीच्या रकमेलाही कायद्यात स्थान मिळाले. बँका, सरकारी महामंडळे आणि १ कोटी वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या. लहान दुकानदार आत राहिला. पन्नास वर्षे दोघांना एकाच मापाने मोजल्यावर ही सुधारणा झाली.

येथील व्यवस्था

आपण येथे आलो तेव्हा वाटले की पागडीचा पाठलाग संपला. पण येथेही ती द्मेय मफ्तेआख, म्हणजे किल्लीचे पैसे, या नावाने हजर होती. यात योगायोग नाही. मुंबईत आणि येथे त्या वेळी राज्य ब्रिटिशांचेच होते, आणि युद्धकाळातील टंचाईवर त्यांचा उपाय दोन्हीकडे एकच. १९४० साली घरांसाठी आणि १९४१ साली धंद्याच्या जागांसाठी त्यांनी येथे भाडेनियंत्रणाचे हुकूम काढले. पुढे इस्रायलने १९५८ साली किल्लीच्या पैशांना उघड कायदेशीर रूप दिले आणि १९७२ साली सर्व कायदे एकत्र केले. जी गोष्ट मुंबईत पन्नासहून अधिक वर्षे टेबलाखाली चालली, ती येथे लवकर टेबलावर आली. शिवाय २० ऑगस्ट १९६८ रोजी ज्या जागेत संरक्षित भाडेकरू नव्हता आणि जी पुढे किल्लीचे पैसे न घेता भाड्याने दिली, तिला हे संरक्षण नाही असे ठरले. त्यामुळे संरक्षित जागा हळूहळू कमी होत गेल्या. ज्यांची जुन्या बाजारात अशी दुकाने आहेत त्यांनी तो करार जपून ठेवावा.

लहान दाव्यांसाठी इस्रायलने १९७६ साली बेत मिश्पात ले-तविओत क्तानोत सुरू केले. मुंबईच्या कोर्टाचे हे धाकटे भावंड म्हटले तरी चालेल, पण धाकट्याने थोरल्यापासून काही शिकलेले दिसते. पहिली गोष्ट, येथे न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय वकील उभा राहू शकत नाही. समोर मोठी कंपनी असली तरी तिचा वकील आपल्यावर धावून येत नाही. दुसरी, फी दाव्याच्या रकमेच्या १ टक्का, अगदी लहान रकमेला एक ठरावीक किमान. साध्या कोर्टात हीच फी अडीच टक्के आहे. रुपयामागे दोन आण्यांच्या मानाने हे किती सुसह्य! तिसरी, पुराव्याच्या कडक नियमांनी न्यायाधीश बांधलेला नाही. कागद, फोटो, साक्षीदार, जे असेल ते न्यावे. चौथी, रकमेची मर्यादा वेळोवेळी वाढविली जाते. अलीकडे ती ४० हजार शेकेलच्या आसपास आहे. आणि पाचवी, अपील हक्काने होत नाही, परवानगी मागावी लागते. त्यामुळे आजोबा आणि नातू असा प्रकार येथे नाही.

पण लहान व्यावसायिकाने एक गोष्ट ओळखून असावी. हे कोर्ट मुळात व्यक्तीसाठी आहे, म्हणजे गिऱ्हाइकासाठी. कंपनी येथे स्वतः दावा लावू शकत नाही. तिच्यावर दावा झाला तर ती उलट दावा करू शकते. जो ओसेक मुर्शे म्हणून स्वतःच्या नावाने धंदा करतो त्याला येथे दार उघडे आहे, पण त्याच्या शेजाऱ्याने धंद्याची कंपनी केली असेल तर त्याला साध्या कोर्टात वकिलासह जावे लागते. कंपनी करावी की नाही हे ठरविताना लोक फक्त कराचा हिशेब करतात. हाही हिशेब करावा.

आणि निकाल हाती आला म्हणजे पैसे हाती आले असे नव्हे. देणेकऱ्याने दिले नाहीत तर होत्साआ ला-पोआलच्या कचेरीत फाइल उघडावी लागते. मुंबईत यालाच दरखास्त म्हणत. हुकूमनामा मिळेपर्यंत अर्धे काम, आणि दरखास्तीत उरलेले अर्धे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याविरुद्ध जिंकलेला दावा भिंतीवर टांगण्यापुरता.

अलीकडच्या काळात एक नवी गोष्टही आली. २००८ साली झालेल्या दुरुस्तीमुळे परवानगीशिवाय जाहिरातीचा संदेश पाठविला तर प्रत्येक संदेशामागे १,००० शेकेलपर्यंत भरपाई, नुकसान सिद्ध न करताही, कोर्ट देऊ शकते. हेतू मोठ्या कंपन्यांचा त्रास थांबविण्याचा होता आणि तो योग्यच. पण केस कापणाऱ्या बाईने जुन्या गिऱ्हाइकांना रोश हशानाच्या शुभेच्छांबरोबर सवलतीची दोन वाक्ये पाठविली तर तीही त्याच कलमात सापडू शकते. गिऱ्हाइकाची लेखी संमती घेणे आणि नको म्हणणाऱ्याचे नाव लगेच काढणे, एवढ्याने हे टळते. न कळल्यामुळे होणारा खर्च हा सर्वांत महाग खर्च.

खर्च कोणाच्या माथी?

जिंकणाऱ्याचा खर्च हरणाऱ्याने द्यावा, हा नियम दोन्हीकडे आहे. व्यवहारात कोर्ट जो खर्च देते तो क्वचितच प्रत्यक्ष खर्चाइतका असतो. भारताच्या दिवाणी कायद्यात खोटा दावा वा खोटा बचाव करणाऱ्याकडून वेगळी भरपाई देववण्याचे कलम आहे, पण १९७६ च्या दुरुस्तीने तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये ठरविली. दहा वर्षे खोट्या दाव्यात अडकलेल्या दुकानदाराला तीन हजारांत काय मिळणार?

याच्या उलट एक चांगला कायदा २००६ साली झाला. लहान उद्योगाचा माल घेणाऱ्याने फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तंटा कोर्टाऐवजी एका परिषदेपुढे जातो, आणि निर्णयाविरुद्ध जाणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. येथे वाट पाहण्याचा खर्च बलवानाच्या माथी टाकला गेला. मात्र त्यासाठी उद्योगाची नोंदणी हवी. मुंबई, ठाण्याकडे ज्यांचे नातलग कारखानदारीत आहेत त्यांनी ही माहिती त्यांना कळवावी.

हा सर्व इतिहास पाहिल्यावर आम्हांस असे दिसते की दाव्याचा खर्च चार प्रकारचा असतो. फी हा त्यातला सर्वांत लहान. दुसरा वकिलाचा. तिसरा बुडालेल्या दिवसांचा, ज्याची पावती मिळत नाही. आणि चौथा शरीराचा. झोप जाते, भूक जाते, साखर वाढते, घरात बोलणे तुटते. पहिल्या तिहींचा विचार कायदे करणाऱ्यांनी थोडाफार केला आहे. चौथ्याचा विचार ज्याचा त्यानेच करावा लागतो.

म्हणून शेवटी चार सूचना. व्यवहार लेखी करावा, मग तो भावाशी का असेना. पावती, करार आणि बँकेचा उतारा एका फाइलीत तारखेवार लावावा, जसा आम्ही रोग्याचा केसपेपर लावीत असू. पैसे अडकले तर सहा महिने संकोच न करता पहिल्या महिन्यातच सभ्य पत्र पाठवावे. आणि दावा लावण्यापूर्वी कागदावर दोन आकडे लिहावेत: जिंकलो तर किती मिळेल, आणि तेथपर्यंत पोचण्यास किती लागेल. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ आला तर तडजोड करावी. तीत कमीपणा नाही. पन्नास टक्के आज मिळाले तर ते दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभरांहून पुष्कळदा जास्त असतात.

पण जेथे हक्क स्पष्ट आहे आणि समोरचा केवळ आपण लहान म्हणून दाबतो आहे, तेथे मागे हटू नये. लहान माणसांसाठी ही कोर्टे निघाली ती लहान माणसांनी कष्ट सोसले म्हणून. सुप्याच्या शेतकऱ्यांनी खते जाळली तेव्हा कुठे कोणी त्यांचे हिशेब उघडून पाहिले. आपल्याला जाळपोळ करावी लागत नाही, एक अर्ज लिहावा लागतो. ज्यांना हिब्रू लिहिणे जड जाते त्यांच्याजवळ आपल्या तरुण मुलामुलींनी संध्याकाळी तासभर बसावे आणि तो अर्ज लिहून द्यावा. मुकादम आणि चौगुला यांचे दिवस गेले असले तरी शेजाऱ्याचा तंटा आपला समजून त्याच्याजवळ बसणारी जमात अजून आहे, असे आम्हांस मनापासून वाटते.